चार सायकली, एक गाडी आणि मॅकिनॉ बेट

अमेरिकेतल्या डेट्रॉइटला लागून डिअरबॉर्न नावाचं शहर आहे. तिथे हेन्री फोर्ड यांच्या नावाचं मोठं वस्तुसंग्रहालय आहे. त्यातल्या अनेक झगमगीत मोटारींमध्ये एक अगदी किरकोळ दिसणारी गाडी ठेवली आहे. फोर्ड यांनी १८९६ मध्ये डेट्रॉइटमध्ये, घरामागच्या शेडमध्ये बनवलेली ही त्यांची पहिली मोटार. तिचं नाव क्वाड्रिसायकल. खरोखरच ती सायकलच्या चार चाकांवर उभी आहे. पुढे ज्या मोटारींनी जगभरचे रस्ते व्यापले, त्यांचं पहिलं पाऊल सायकलच्या चाकांवर पडलं.

यानंतर दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, याच मिशिगन राज्याच्या उत्तरेला मॅकिनॉ नावाच्या बेटावरच्या गावानं मोटारींवर बंदी घातली. मोटारींच्या आवाजानं घोडे बुजतात, अशी घोडागाडीवाल्यांची तक्रार होती. ती बंदी आजही कायम आहे. रुग्णवाहिका, अग्निशामक बंब अशी मोजकी वाहनं सोडली तर बेटावर आजही माणसं पायी, घोड्यावर किंवा सायकलीवर फिरतात. मोटारींच्या राजधानीपासून पाच तासांच्या आत हे बेट असावं, याची मला मोठी गंमत वाटली.

आपल्याकडे रायगड जिल्ह्यात माथेरान आहे. तिथेही आपली गाडी दस्तुरी नाक्यावर सोडावी लागते. नेरळहून वर जाणारी छोटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली आणि ती उभारली मुंबईच्या पीरभॉय घराण्यानं, हे आपल्या बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. शाळेच्या सहली घेऊन मी माथेरानला किती वेळा गेले, त्याची गणती नाही. त्यामुळे भाईजानने मे महिन्याच्या सुटीत डिअरबॉर्नला बोलावलं आणि ‘मॅकिनॉला जाऊ या’ म्हणाला, तेव्हा मी तयारच होते. प्रश्न फक्त सायकली न्यायच्या कशा, एवढाच होता. पण हा ‘एवढाच’ प्रश्न घरात आठवडाभर पुरला.

भाईजानकडे चार सायकली आहेत. त्याची एक, सोळा वर्षांच्या भाच्याची एक, अकरा वर्षांच्या भाचीची वीस इंची चाकांची लहान सायकल आणि भाभीची एक. भाभीची सायकल आपण ज्याला लेडीज सायकल म्हणतो तशी आहे. मधला आडवा दांडा नाही, सांगाडा खाली वाकलेला, दोन्ही चाकांना मडगार्ड, पुढे टोपली. लांब कुर्ता किंवा अबाया घालून चढायला-उतरायला सोपी. मात्र वजनाला जड, १९ किलोची.

आतापर्यंत त्यांच्याकडे डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचं कॅरिअर होतं. त्यावर तीनच सायकली बसत. तीन वर्षांत ही मंडळी कितीतरी वेळा तळ्याकाठी, जंगलातल्या सायकल-वाटांवर जाऊन आली होती. भाभीची सायकल मात्र घरापुढच्या गल्लीपलीकडे गेलीच नव्हती. ती डबा घेऊन बरोबर जायची आणि बाकावर बसून सगळे परत येण्याची वाट पाहायची. हे तिनं मला तक्रार म्हणून सांगितलं नाही. पराठे लाटता लाटता सांगितलं, तेही हसत. पण या वेळी जुन्या पट्ट्या झिजल्या होत्या, नवीन काहीतरी घ्यायचंच होतं, आणि म्हणूनच काय घ्यायचं हे महत्त्वाचं होतं.

गाडीवर सायकल नेण्याचे तिथे तीन मुख्य मार्ग आहेत. पहिला, डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधण्याचा. हा सर्वांत स्वस्त, पण दारावर भार येतो, रंगाला ओरखडे पडतात आणि सायकली चढवल्यावर डिकी उघडत नाही. दुसरा, टपावर नेण्याचा. भाईजानची गाडी उंच आहे. १९ किलोची सायकल डोक्यावर उचलून टपावर ठेवणं भाभीला तर सोडाच, भाईजानलाही जमलं नसतं. शिवाय टपावर सायकली आहेत हे विसरून गॅरेजमध्ये गाडी घातली, की सायकलीही गेल्या आणि दारही गेलं.

तिसरा मार्ग हिचचा. गाडीच्या मागे, बंपरखाली, सांगाड्याला बोल्टनं पक्का केलेला लोखंडी आडवा दांडा असतो. त्याच्या मधोमध चौकोनी पोकळ नळी असते. तिला रिसीव्हर म्हणतात. तिथले लोक या नळीला ट्रेलर जोडतात, बोट ओढून नेतात. त्याच नळीत सायकलींचा रॅक घालायचा आणि आरपार खीळ ठोकायची. भार दारावर नाही, टपावर नाही, थेट गाडीच्या सांगाड्यावर येतो. सायकल जेमतेम गुडघ्यापर्यंत उचलावी लागते. आपल्याकडच्या घरगुती गाड्यांना ही नळी सहसा नसते, म्हणून आपल्याला ती नवलाची वाटते.

भाईजानने गाडी जुनी घेतली होती आणि तिला आधीच्या मालकानं बसवलेला हिच होता. ‘मग झालं, रॅक आणायचा आणि घालायचा,’ असं आम्हाला वाटलं. पण नळीची दोन मापं सर्रास असतात, सव्वा इंच आणि दोन इंच. गाडीची नळी सव्वा इंचाची निघाली. तिच्यावर पत्र्याची पट्टी होती आणि पट्टीवर उभा भार २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो, असं कोरलेलं होतं.

आता रॅकचेही दोन प्रकार. एक टांगायचा. उभ्या खांबाला दोन आडवे हात असतात आणि त्यावर सायकलीचा मधला दांडा अडकवायचा. हा वजनाला हलका, दुमडायला सोपा आणि स्वस्त. दुसरा ट्रेचा. सायकली पन्हळीसारख्या ट्रेमध्ये चाकांवर उभ्या करायच्या आणि वरून हूक ओढून पुढचं चाक दाबून धरायचं. हा जड आणि महाग.

दुकानदारानं भाईजानला टांगायचा रॅक दाखवला. चार सायकलींचा, दोनशे डॉलरच्या आत, सव्वा इंची नळीत बसणारा. भाईजान खूश झाला. मी मास्तरीण असल्यामुळे घरी आल्यावर भाचीला कागद-पेन्सिल घेऊन बसवलं. ‘फुफी, सुटीत पण गणित?’ असं म्हणत तिनं न्हाणीघरातला वजनकाटा आणला. आधी भाईजान नुसता काट्यावर उभा राहिला, मग सायकल उचलून. दोन आकड्यांची वजाबाकी केली की सायकलीचं वजन. अशा चारही सायकली मोजल्या. भाईजानची १४ किलो, भाच्याची १३, भाचीची १० आणि भाभीची १९. एकूण ५६ किलो.

टांगायचा रॅक स्वतः १८ किलोचा. म्हणजे ७४ किलो. हिचच्या ९० किलोच्या आत. चार सायकलींचा ट्रेचा रॅक मात्र ४४ किलोचा होता. ४४ आणि ५६ मिळून १०० किलो. जुन्या हिचला हा भार झेपणारा नव्हता. शिवाय चार सायकलींच्या ट्रेच्या रॅकला बहुधा दोन इंची नळीच लागते. सव्वा इंची नळीवर मोठी नळी जोडणारा तुकडा बाजारात मिळतो, पण त्यामुळे हिचची ताकद वाढत नाही. उलट भार गाडीपासून आणखी मागे जातो आणि तरफेसारखा जोर वाढतो. विज्ञानाच्या पुस्तकातला तरफेचा धडा इथे कामी आला.

गणितानं टांगायच्या रॅकला पास केलं होतं. पण भाभीची सायकल टांगणार कशी? तिला आडवा दांडाच नाही. त्यासाठी सीटपासून हँडलपर्यंत अडकवायचा सुटा दांडा मिळतो. तो लावून सायकल टांगता येते, पण सायकल जड असेल तर सगळा भार त्या सुट्या दांड्यावर येतो. टांगायच्या रॅकवर दर सायकलीला वजनाची मर्यादा लिहिलेली असते. या रॅकची मर्यादा ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो होती. भाभीची सायकल तिथेच नापास झाली. भाचीच्या सायकलीचा सांगाडाही इतका लहान, की दोन्ही हातांवर नीट बसेना.

मला तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. टांगायचा रॅक मुळात दांड्याच्या सायकलीसाठी, म्हणजे जेंट्स सायकलसाठी बनलेला आहे. तो घेतला असता तर पुन्हा बापलेकांच्या सायकली आधी चढल्या असत्या आणि आई व मुलगी राहिल्या असत्या. कोणी वाईट हेतूनं केलं असतं असं नाही. रॅकच्या आकारातच ते ठरलेलं होतं.

भाभी म्हणाली, ‘माझी राहू द्या. मी बेटावर भाड्यानं घेईन.’ तिचं म्हणणं चूक नव्हतं. बेटावर बोटीतून उतरताच भाड्याच्या सायकलींची दुकानं आहेत. वर्षातून एकदाच जायचं असेल तर भाड्यानं घेणं हेच शहाणपण. मीही माझ्यासाठी भाड्याचीच घेणार होते. पण ही मंडळी महिन्यातून एकदा तरी सायकली घेऊन बाहेर पडतात आणि इतर ठिकाणी सायकल भाड्यानं मिळतेच असं नाही. भाचीनं कागदावर तेही मांडलं. गाडीच्या पुस्तिकेत मागच्या भाराची मर्यादा ३५० पौंड, म्हणजे सुमारे १५८ किलो होती. म्हणजे दोन इंची मोठा हिच गाडीला चालत होता. नवा हिच बसवायला चारशे डॉलर आणि ट्रेचा रॅक सातशे डॉलर. एकूण अकराशे. रक्कम लहान नव्हती. भाईजान बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग भाभीला म्हणाला, ‘तीन वर्षं तू बाकावर बसलीस, त्याचा हिशेब या कागदावर नाही.’ दुसऱ्या दिवशी त्यानं हिच बसवायला गाडी गॅरेजला नेली.

ज्यांची मुलं, भावंडं परदेशी आहेत आणि ज्यांच्या घरी असा विचार चालू असेल, त्यांच्यासाठी आम्ही तपासलेल्या गोष्टी थोडक्यात सांगते. गाडी, हिच आणि रॅक या तिघांची मर्यादा वेगवेगळी असते. त्यांतली सर्वांत लहान मर्यादा खरी मानायची. भारात सायकलींबरोबर रॅकचं वजनही धरायचं. मडगार्ड असेल तर चाक दाबणारा हूक मडगार्डवर तर येत नाही ना, ते दुकानातच सायकल नेऊन पाहायचं. लहान चाकांची सायकल बसते का, तेही विचारायचं, काही रॅकना त्यासाठी वेगळा तुकडा लागतो. सायकलींसकट रॅक मागे झुकवून डिकी उघडता येते का, ते पाहायचं, नाहीतर वाटेत जेवणाचा डबा काढायला चारही सायकली उतरवाव्या लागतात. रॅक नळीत डुगडुगू नये म्हणून घट्ट आवळायचा बोल्ट असावा आणि खिळीला कुलूप असावं. सायकलीचं टायर गाडीच्या धुराड्यासमोर येऊ देऊ नये, गरम वाफेनं रबर वितळतं. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात का, हे पाहावं. याचे नियम तिथे प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. विजेची सायकल घ्यायचा विचार असेल तर आधी रॅकची मर्यादा पाहावी. त्या सायकली बऱ्याचदा २५ किलोच्या वर जातात. बॅटरी काढून गाडीत ठेवली तर थोडा भार कमी होतो.

आणि चढवताना सर्वांत जड सायकल गाडीच्या सर्वांत जवळ, सर्वांत हलकी सर्वांत मागे. त्यामुळे भाभीची सायकल पहिली चढली आणि भाचीची शेवटी. एकाआड एक सायकलीचं तोंड उलट दिशेला ठेवलं म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेत सुटी असते. त्याआधीच्या शनिवारी फजरच्या नमाजनंतर आम्ही निघालो. डिअरबॉर्न ते मॅकिनॉ सिटी हे अंतर साधारण ४६० किलोमीटर. पहिल्या अर्ध्या तासानंतर भाईजाननं गाडी बाजूला घेऊन सगळे पट्टे आणि बोल्ट हातानं तपासले. हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण सुरुवातीच्या धक्क्यांनीच पट्टे सैल होतात. मागे घेताना गाडीचा सेन्सर सायकलींना अडथळा समजून सारखा पिपाणी वाजवायचा. शेवटी तो बंदच करावा लागला.

उत्तरेकडे जाताना शेतं मागे पडतात आणि पाइनची जंगलं सुरू होतात. गेलॉर्ड गावाजवळ महामार्गाच्या कडेला एक पाटी आहे. ही जागा विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव यांच्या मध्यावर, म्हणजे ४५ अंश अक्षांशावर आहे, असं ती सांगते. आपलं चिपळूण साधारण साडेसतरा अंशावर. भूगोल शिकवताना नकाशावर बोट ठेवून दाखवलेली रेषा मी प्रथमच प्रत्यक्ष ओलांडली. पुढच्या विसाव्याच्या जागेत हिरवळीवर चटई टाकून आम्ही जोहर आणि असरच्या कसर नमाज पढल्या. रॅक झुकवून डिकी उघडली, पराठे आणि कबाब काढले. एकही सायकल उतरवावी लागली नाही.

मॅकिनॉ सिटी हे गाव मुख्य भूमीवर आहे आणि मॅकिनॉ बेट पाण्यात. इंग्रजीत स्पेलिंग वेगवेगळं, उच्चार एकच. इथून डावीकडे मॅकिनॉचा झुलता पूल दिसतो. १९५७ मध्ये सुरू झालेला हा पूल दोन्ही टोकांच्या रस्त्यांसकट आठ किलोमीटर लांब आहे आणि मिशिगन राज्याचे दोन भाग जोडतो. आम्हाला मात्र बोट पकडायची होती. गाडी धक्क्याजवळ ठेवली. सायकलींचं तिकीट वेगळं घ्यावं लागतं. बोटीवरचा मुलगा एकेक सायकल हातानं घेऊन कडेला लावत होता. भाभीची सायकल उचलताना तो हसून म्हणाला, ‘ही दणकट आहे.’

बेटावर पाऊल ठेवताच पहिली ओळख पटली ती वासाची. घोड्यांच्या लिदीचा वास. मी भाचीला म्हटलं, ‘हेच आमचं माथेरान.’ फरक इतकाच, की इथे चारी बाजूंना ह्युरॉन सरोवराचं पाणी आहे. समुद्राइतकं अथांग, पण खारा वास नाही. या भागातल्या मूळ रहिवाशांच्या, अनिशिनाबे लोकांच्या भाषेत या जागेला ‘मोठं कासव’ अशा अर्थाचं नाव होतं. दुरून बेटाची पाठ खरोखर कासवासारखी दिसते. टेकडीवर ब्रिटिशांनी १७८० च्या दशकात बांधलेला पांढऱ्या भिंतींचा किल्ला आहे. बाजारात फज नावाच्या मिठाईची दुकानं रांगेनं लागतात. आपल्या माव्याच्या बर्फीची चुलत बहीण म्हणा.

बेटाला किनाऱ्यानं वेढा घालणारा एक रस्ता आहे, एम-१८५. लांबी ८.२ मैल, म्हणजे सुमारे १३ किलोमीटर. हा राज्य महामार्ग आहे, पण त्यावर मोटार चालवायला बंदी आहे. महामार्ग म्हटल्यावर डोळ्यांपुढे ट्रक आणि धूर येतो. इथे मात्र चाकांचा सरसर आवाज, लाटा आणि मधूनच घोड्यांच्या टापा. विजेच्या सायकलींनाही इथे सर्रास परवानगी नाही, चालण्याची अडचण असलेल्यांसाठीच ठरावीक प्रकारच्या सायकलीची सूट आहे. रस्ता जवळपास सपाट आहे. मला मिळालेली भाड्याची सायकल जरा उंच होती, सुरुवातीला तोल सावरावा लागला. पण शाळेत असताना वाडीतून सायकलीनं जाण्याची सवय होती, ती परत आली.

भाभीला मात्र काही सावरावं लागलं नाही. सीट तिच्या उंचीची, टोपलीत पाण्याच्या बाटल्या, अंगावर लांब कुर्ता आणि रुमाल. सुरुवातीला ती आमच्याबरोबर होती. मग सरोवराकडून वारा सुटला आणि ती हळूहळू पुढे गेली. उंच कड्यावर चुनखडीची नैसर्गिक कमान आहे, आर्च रॉक. तिच्या खाली आम्ही सगळे थांबलो, तेव्हा ती आधीच तिथे पोहोचून दगडावर बसली होती. पुढे ब्रिटिश लँडिंग नावाची जागा आहे. १८१२ च्या युद्धात इंग्रज सैनिक इथे उतरले आणि त्यांनी किल्ला घेतला. इथे भाची दमली. भाईजान म्हणाला, ‘आपण इथे बसू, तुम्ही फेरी पुरी करून या.’ बापलेक बाकावर बसले. भाभी, भाचा आणि मी पुढे निघालो.

तेरा किलोमीटर संपवून धक्क्यावर आलो तेव्हा भाभीचा चेहरा लाल झाला होता. पाणी पिऊन ती म्हणाली, ‘पुढच्या वेळी पहाटेची बोट घेऊ. दोन फेऱ्या होतील.’ मग तिनं सायकल वळवली आणि नवऱ्याला आणि मुलीला आणायला ब्रिटिश लँडिंगकडे पुन्हा निघाली.